एक शून्य चार एक

मी एक जुनं मालगाडीचं इंजिन आहे. माझा नंबर १०४१. मित्रांनो, आपली हकीकत सांगणारे सहसा नाव आणि गाव आधी सांगतात, नंबराकडे कोणी वळत नाही. मी मात्र नंबर पहिल्या दमातच सांगून टाकतो, कारण मध्यंतरी याच नंबरापायी माझा जीव जायची वेळ आली होती.

आणखी एक गोष्ट आधीच मिटवून घेऊ. व्याकरणात इंजिन नपुंसकलिंगी आहे, हे मला ठाऊक आहे. पण दरेकसाचा घाट चढताना मला कोणी लिंग विचारलं नाही, डबे किती ओढशील तेवढंच विचारलं. तेव्हा मी ‘आलो’, ‘गेलो’ असंच म्हणणार. ज्यांना खटकेल त्यांनी आधी चाळीस भरलेले डबे ओढून दाखवावेत, मग बोलावं.

सध्या माझा मुक्काम रायपूरला, गुढियारीच्या बाजूच्या रेल्वे कॉलनीत आहे. तिथल्या बागेत सिमेंटच्या चौथऱ्यावर मी उभा असतो. बाग म्हणजे दोन घसरगुंड्या, एक झोपाळा आणि मी. चौघांपैकी चालू काय आहे, असं विचाराल तर एक घसरगुंडी.

जन्म माझा परदेशातला, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातला. ते शहर गाण्याबजावण्यासाठी नावाजलेलं आहे म्हणे. माझ्या वाट्याला हातोड्यांचा ठेका आला. साल पन्नासच्या पुढचं. वाफेच्या इंजिनाचे दिवस तेव्हा तिकडे भरत आले होते. बनवणाऱ्यांना ते माहीत होतं, मागवणाऱ्यांनाही बहुधा माहीत असावं, फक्त मला कोणी सांगितलं नाही. म्हणजे मी जन्मलो तोच म्हातारा. पण उशिरा जन्मण्याचा एक फायदा असतो. तोवर बनवणाऱ्यांच्या सगळ्या चुका आपल्या थोरल्या भावंडांवर करून झालेल्या असतात. मी चांगला निघालो.

जहाजातून मी तुकड्यातुकड्यांनी आलो आणि इथे मला जोडलं गेलं. माझ्या पोटावर पितळेची एक पाटी होती. तिच्यावर माझ्या शहराचं नाव तिकडच्या रिवाजाप्रमाणे ‘विएन’ असं कोरलेलं. इंजिन-शेडमधल्या खलाशांनी, म्हणजे मदतनीस कामगारांनी, ते लावून लावून वाचलं आणि ‘बियाणी’ असं ठरवलं. बाजारात बियाणींची दोन दुकानं होतीच. एकानं विचारलंसुद्धा, “सेठजी कपडा छोड़के लोहे में कब आए?” तेव्हापासून शेडमध्ये मी बियाणी. मी रागावलो नाही. परमुलखात आपलं नाव चुकीचं का होईना, कोणी घेतंय, हेच पुष्कळ असतं.

तीस वर्षं मी माल वाहिला. डल्लीचा लोखंडी दगड भिलाईला, भाटापाऱ्याचा तांदूळ नागपूरकडे आणि कोळसा जिथे सांगतील तिथे. मेलगाडीच्या इंजिनाला लोक झेंडूचे हार घालतात. मालगाडीच्या इंजिनाला बाजूच्या लाइनीत उभं करतात आणि मेल निघून गेली की म्हणतात, चला आता. स्टेशनावर कोणी मालगाडीची वाट बघत उभं राहत नाही. तांदळाची वाट सगळे बघतात, पण तांदूळ कशातून आला, हे तांदळालाही आठवत नाही.

पण घाट माझा होता. डोंगरगढ सुटलं की पुढे दरेकसापर्यंत चढ आहे. मागे चाळीस डबे, पावसानं ओले झालेले रूळ, आणि मधेच चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. अशा वेळी जोर करून काही होत नाही. ड्रायव्हर चाकांपुढे रुळावर वाळू सोडतो. वाळूचा कण चाकाखाली भरडला जातो, चाक त्याला धरतं आणि गाडी एक इंच सरकते. मग दुसरा कण, दुसरा इंच. मालगाडीच्या इंजिनाला घाई नसते, हट्ट असतो. ही वाळूची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता साल एक्क्याऐंशी. त्या वर्षीचा हिंदी पंधरवडा सप्टेंबरात पार पडला आणि त्याचा हुकूम ऑक्टोबरात शेडमध्ये पोचला. हुकूम असा, की यापुढे सगळं लिखाण हिंदीत करावं. बाकीच्यांनी तो वाचून फाइलला लावला. वाचून अमलात आणणारा एकच माणूस निघाला, शेडचा पेंटर देवीदास. भंडाऱ्याकडचा, बोलायला कमी आणि हाताला सरळ. माझी मोठी दुरुस्ती नुकतीच झाली होती. देवीदासनं माझ्या केबिनवरचा इंग्रजी नंबर खरवडला आणि त्या जागी पिवळ्या रंगात देवनागरीत लिहिलं, १०४१. एकेक आकडा वीतभर. असा देखणा एकाचा आकडा मी त्यानंतर पाहिला नाही.

उरली होती फक्त तारीख. माझ्या मागे कोळसा-पाण्याची गाडी जोडलेली असते, तिला टेंडर म्हणतात. टेंडरच्या मागच्या कोपऱ्यात शेवटच्या दुरुस्तीची तारीख लिहायची पद्धत होती. बाराला मी तयार झालो. तेराला देवीदास माझ्याभोवती ब्रश घेऊन नुसताच फिरत होता. फोरमन ओरडला, “देवीदास! इंजिन कल से तैयार है, तू क्या कर रहा है?”

“साहेब, रंग सुकून नाही राहिला.”

“अक्टूबर की धूप में?”

“इम्पोर्टेड इंजिन आहे साहेब. याच्या अंगाले आपला रंग लवकर लागत नाही.”

फोरमननं माझ्याकडे संशयानं पाहिलं आणि तो निघून गेला. परदेशी मालाबद्दल काहीही सांगितलं तरी लोकांना खरं वाटायचं, असा तो काळ होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवीदासची बायको प्रेमला डबा घेऊन आली. तेव्हा ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल.

“काहून रोखून धरलं जी त्या बियाण्याले?” तिनं विचारलं.

“चौदा तारीख येऊ देत होतो. आपले मायबाप ज्या तारखेले नागपूरले माणसं झाले, ते तारीख एक डाव तरी लोखंडावर लिवतो म्हटलं. घरच्या भिंतीवर लिवलेली पावसात जाते.”

छप्पन सालच्या चौदा ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. देवीदासचे आईवडील पायी चालत गेले होते. मला हे त्याच दिवशी कळलं.

त्यानं सुतळीला खडू चोळला. एक टोक स्वतः धरलं, दुसरं प्रेमलाच्या हाती दिलं. सुतळी ताणून टिचकी मारली, तशी माझ्या काळ्या पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उमटली. त्या रेघेवर त्यानं लिहिलं, ‘दि. १४-१०-८१’. मग दोघांनी माझ्या सावलीत बसून भाकर खाल्ली.

ती माझी शेवटची मोठी दुरुस्ती ठरली. पुढे डिझेल आलं, वीज आली आणि एके दिवशी माझ्या पोटातली आग काढली ती पुन्हा घातली नाही. इतर इंजिनं भंगारात गेली. मला मात्र ‘वारसा’ म्हणून या चौथऱ्यावर चढवलं. भंगार आणि वारसा यांत फरक चौथऱ्याचा असतो.

देवीदास त्यानंतर चार वर्षांत गेला. त्याच्या जागी प्रेमलाला खलाशी म्हणून घेतलं. तिनं शेडमध्ये पाने फिरवले, ग्रीस उपसलं आणि साठ पूर्ण करून ती निवृत्त झाली. आता ती सत्तरीच्या घरातली प्रेमलाबाई आहे. रोज सकाळी खराटा घेऊन येते आणि माझ्याभोवतीचा पाचोळा काढते. हे काम तिला कोणी सांगितलेलं नाही. न सांगितल्यामुळे ते नियमित होतं.

मधल्या काळात माझी पितळी पाटी गेली. पितळ जिथे जातं तिथे. रंग मात्र मिळत राहिला. मोठा साहेब येणार असला की मला एक हात मारायचा, अशी प्रथा पडली. रंगवणारे केबिनवरचा नंबर तसाच गिरवायचे, कारण तो वाचायचा नसतो, गिरवायचा असतो. टेंडरवरच्या बारीक तारखेची मात्र कोणाला गरज वाटली नाही. ती पहिल्याच साहेबाच्या वेळी काळ्या रंगाखाली गेली. त्यावर चॉकलेटी, त्यावर निळा, शेवटी पिवळा आणि पिवळ्यावर स्वच्छतेचं घोषवाक्य.

आणि मग गेल्या पावसाळ्यात रेल्वेच्या मालमत्तेची मोजणी आली.

मोजणीला दोघे आले. एक तरुण इंजिनियर, हातात टॅब. दुसरे ऑफिसचे बडे बाबू भैय्यालाल, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, हातात कापडी फाइल. तरुणानं माझ्या केबिनकडे पाहिलं आणि टॅबवर दाबलं, 9089.

मित्रांनो, इथे जरा थांबा आणि बघा. देवनागरी १ आणि इंग्रजी 9 ही जुळी भावंडं आहेत. देवनागरी ४ आणि इंग्रजी 8 ही चुलत. शून्य बिचारं दोन्ही घरचं.

प्रेमलाबाईंचा खराटा थांबला. “ए बाबू, काय लिवून राहिला तू?”

“आंटी, नंबर डाल रहा हूँ. नब्बे नवासी.”

“नब्बे नवासी तुह्या फोनचा नंबर असंन. हे एक हजार एक्केचाळीस आहे.”

“नहीं आंटी, साफ़ दिख रहा है. ये नौ, ये ज़ीरो, ये आठ, ये नौ.”

“नाव काय तुहं?”

“प्रशिक.”

“पुरं सांग.”

“प्रशिक मेश्राम.”

“मेश्रामाचा पोट्टा अन् एकाले नऊ म्हन्ते! शाळेत गेलता का नाही?”

“इंग्लिश मीडियम, आंटी.”

“मंग बराबर,” प्रेमलाबाई म्हणाल्या.

प्रशिक हसला, पण ओशाळून. त्याला मराठी सगळी कळत होती. उत्तर मात्र जिभेवर हिंदीतच यायचं, या गावातल्या त्याच्या वयाच्या बहुतेकांसारखं. त्यानं भैय्यालालकडे पाहिलं. मी भैय्यालालचे ओठ पाहत होतो. ते हलले. ‘एक हजार इकतालीस.’ जुन्या पाटीवर शिकलेला माणूस, त्याला वाचता येत होतं. पण मोठ्यानं ते म्हणाले, “साहब ने चढ़ा दिया है, दीदी. फोटो समेत. चढ़ा हुआ उतरता नहीं.”

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. घाटात मी याच्या नेमकी उलट काळजी करायचो.

निकाल पंधरा दिवसांत लागला. यादीत वारसा इंजिन 1041 होतं, पण ते जागेवर आढळलं नाही. जागेवर इंजिन 9089 होतं, पण ते यादीत आढळलं नाही. तेव्हा वारसा हरवला आणि भंगार सापडलं, असं ठरलं. हरवलेल्याची चौकशी लावायची आणि सापडलेल्याला तोडायचं. दोन्ही कामं एकाच शाईनं मंजूर झाली.

प्रेमलाबाईंनी वाळू सोडायला सुरुवात केली.

त्या ऑफिसात जायच्या आणि सकाळी पाचोळा काढताना मला हकीकत सांगायच्या. पहिल्या खेपेला त्या म्हणाल्या, “त्या भैय्यालालले म्हटलं, हे मराठी आकडे आहेत. तर म्हन्ते, दीदी, सरकारी काम में अंक अंग्रेज़ी रूप में ही लिखे जाते हैं, ऐसा नियम है. देवनागरी अंक सरकारी इंजन पर हो ही नहीं सकते. इसलिए ये देवनागरी नहीं हैं.” मग त्या मला म्हणाल्या, “नियमात बसत नाही म्हनून दिसत नाही. डोळे आहेत का खिडकी?”

दुसऱ्या खेपेला त्या घरचं मराठी कॅलेंडर घेऊन गेल्या आणि टेबलावर पसरलं. भैय्यालालनी ते आदरानं पाहिलं, त्यातली चतुर्थी कधी आहे ते विचारून घेतलं आणि म्हणाले की हे छापील आहे, इंजिनावरचं हातचं आहे, दोन्हींचा मेळ कसा घालणार?

तिसऱ्या खेपेला त्या प्रशिकलाच बागेत घेऊन आल्या, मागोमाग भैय्यालालही आले. इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या लांब दांड्यांवर कारखान्यातच नंबर ठोकलेला असतो, तोही इंग्रजीत, हे त्यांना खलाशीपणामुळे माहीत होतं. त्यांनी माझ्या डाव्या दांडीवरचं ग्रीस पुसलं. प्रशिक वाकला आणि त्यानं वाचलं, “ग्यारह सौ सड़सठ.”

प्रेमलाबाईंनी कपाळावर हात मारला. माझाच दोष. एकदा माझी दांडी वाकली होती आणि शेडमध्ये ११६७ नंबरचं इंजिन उघडून ठेवलेलं होतं. त्याची मला घातली. शेडमध्ये असंच चालायचं, कोणाचे हात कोणाला आणि कोणाचे पाय कोणाला. आता कागदावर तीन इंजिनं झाली.

“आंटी,” प्रशिक हळूच म्हणाला, “मैं अंग्रेज़ी में नया नंबर पेंट करवा दूँ क्या? बात ख़त्म.”

ते ऐकून भैय्यालाल हादरलेच. “साहब, जाँच चल रही है! नंबर को हाथ लगाया तो छेड़छाड़ होगी. आपकी नौकरी नई है.”

प्रशिकनं टॅब बगलेत मारला. तो वाईट पोरगा नव्हता. कागदावर शेवटची सही त्याची होती, आणि नव्या नोकरीतला माणूस चुकीच्या सहीपेक्षा सही बदलण्याला जास्त भितो. जाताना तो म्हणाला, “आंटी, कुछ ऐसा दिखा दो जिसे मैं ख़ुद पढ़ सकूँ. गुरुवार को दस बजे कटर आएगा.”

त्याला वाचता येईल असं काय आहे, ते मला ठाऊक होतं. माझ्याच अंगावर होतं, चार रंगांखाली. पण ज्याची वाफ गेली त्याची शिट्टीही गेली. मी नुसता उभा होतो. उभं राहणं हे काही कमी काम नाही, पण त्या आठवड्यात ते फारच कमी वाटलं.

बुधवारी प्रेमलाबाई पाचोळा काढायला आल्याच नाहीत. नंतर कळलं की त्या दिवशी त्यांनी देवीदासची पेंटरपेटी उघडली होती. त्याच्या हातचा एखादा आकडा, एखादा कागद मिळतो का ते पाहायला. आत ताठ झालेले सहा ब्रश होते आणि सुतळीचं एक गुंडाळं. गुंडाळं हातात घेतलं तर बोटं पांढरी झाली. बेचाळीस वर्षांचा खडू. त्या बोटांकडे बघता बघता त्यांना टेंडरचा कोपरा आठवला.

गुरुवारी सकाळी सातला त्या आल्या. एका पिशवीत थिनरची बाटली, चिंध्या आणि पत्र्याची खरडणी. टेंडरच्या मागच्या कोपऱ्याशी त्यांनी पिशवी ठेवली, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, “हालू नको.” मित्रांनो, पस्तीस-चाळीस वर्षांत मला इतकं मनापासून कोणी काही सांगितलं नव्हतं. मी हललो नाही.

आधी पिवळा निघाला. मग निळा. चॉकलेटी चिवट होता, त्यानं साडेआठ वाजवले. गुडघे दुखले की त्या उभ्या राहायच्या, मनगट दुखलं की हात बदलायच्या. एक इंच, मग दुसरा इंच. मला घाट आठवत होता. तिथे ओढणारा मी असायचो, एवढाच फरक.

पावणेदहाला कटरवाला सिलिंडर घेऊन आला. त्यांना खरडताना बघून तो झोपाळ्यावर जाऊन बसला, आणि झोपाळा त्याला झेपला नाही म्हणून मग खाली बसला. दहाला प्रशिक आणि भैय्यालाल आले.

“अरे दीदी! ये क्या कर रही हैं आप?” भैय्यालाल धावले. “सरकारी संपत्ति है ये!”

प्रेमलाबाईंनी मान वळवली नाही. “कोनतं इंजिन?”

“ये ही! नब्बे नवासी!”

“ते तुमच्या यादीत हाय का?”

“नहीं... यादी में तो नहीं है.”

“मंग सरकारचं कसं झालं जी? जे नाहीच त्याले खरडून राहिली मी. तुमी काहून तरास करून घेता?”

भैय्यालालनी तोंड उघडलं. मग फाइल उघडली. मग दोन्ही मिटलं. कटरवाल्याला मोठ्यानं हसू आलं.

काळा रंग निघायला लागला तेव्हा त्यांनी खरडणी ठेवली आणि चिंधी घेतली. नव्या काळ्याखालून जुना काळा वर आला आणि त्याच्यावर पुसट पिवळं काहीतरी. प्रेमलाबाई बाजूला झाल्या. 

“ये बाबू. तूच म्हटलं ना, मले वाचता येईल असं दाखव. वाच.”

प्रशिक उकिडवा बसला. “अट्ठानवे...” त्यानं बोट फिरवलं, “नब्बे... और ये सी है या एल? फिर नौ.”

“तारीख हाय ते. दुरुस्तीची. अठ्ठ्याण्णव तारीख, नव्वदावा महिना. कोन्या देशातला महिना आहे हा? माह्या घरी तर बाराच आहेत.”

प्रशिकचं बोट थांबलं. तो मागे सरकला आणि लांबून पाहू लागला, जसं भिंतीवरच्या फोटोकडे पाहतात तसं. कितीतरी वेळ. मग त्याचा चेहरा बदलला.

“हमारे घर में,” तो म्हणाला, “बैठक में बाबासाहब की फोटो है. नीचे ऐसा ही लिखा है. बिल्कुल ऐसा ही. मैंने कभी पढ़ा नहीं, बस रोज़ देखा है.” आणि पुढचे शब्द त्यानं मराठीत उच्चारले, एकेक जपून, नव्या जिन्यावरून उतरावं तसे. “चौदा... ऑक्टोबर.”

“हव,” प्रेमलाबाई म्हणाल्या.

“कोणी लिहिलं, आजी?”

“आमच्या घरच्यानं. बाराले इंजिन तयार होतं. दोन दिवस फोरमनच्या शिव्या खाल्ल्या, पन चौदाच लिवली.”

आंटीची आजी कधी झाली, हे दोघांनाही कळलं नाही. प्रशिक उठला. माझ्या बाजूनं चालत पुढे केबिनपाशी आला, मान वर केली आणि बोटानं हवेत गिरवत वाचलं. “एक. शून्य. चार. एक.” मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं.

“नियम, साहब...” भैय्यालाल पुटपुटले.

“बड़े बाबू, आपने पहले दिन ही पढ़ लिया था ना?”

 “हव साहब,” भैय्यालाल म्हणाले. “हमर समय के पहली किताब म अइसने रहिस.” आमच्या वेळच्या पहिलीच्या पुस्तकात असंच होतं, असं म्हणताना ते साठीला आलेले दिसत नव्हते. त्यांनी स्वतःच्या हातानं फाइल उघडून पुढे धरली. प्रशिकनं आधीची सही खोडली आणि शेजारी नवी केली. कटरवाला सिलिंडर उचलून निघाला. जाताना माझ्या चाकाला हात लावून त्यानं कपाळाला लावला. त्याचाही एक दिवस वाया गेला होता, पण बिचारा काही बोलला नाही.

तुम्ही म्हणाल, चला, संपलं. ऑफिसात असं संपत नसतं. भैय्यालालनी शेवटचा अहवाल लिहिला तो असा: ‘इंजिन 1041 जागेवर सापडले आहे. सबब इंजिन 9089 बेपत्ता झाले असे समजण्यात यावे.’ तेव्हापासून दर तीन महिन्यांनी कोणीतरी येतं, माझ्याभोवती एक फेरी मारतं आणि 9089 कुठे दिसलं का म्हणून आजूबाजूला चौकशी करतं. प्रेमलाबाई त्यांना घसरगुंडीमागे बघायला सांगतात.

चौदा ऑक्टोबरला प्रशिक एकटाच आला, सुटीचा शर्ट घालून. प्रेमलाबाईंनी पेटीतली सुतळी आणली होती आणि पिवळ्या रंगाची डबी. सुतळीला नवा खडू चोळला. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं त्याच्या हाती दिलं. “ताण,” त्या म्हणाल्या, “सैल सोडशीन तर रेघ पोटात जाते.” त्यानं ताणली. टिचकी वाजली. जुन्याच रेघेवर नवी रेघ बसली आणि पुसट तारीख पुन्हा उजळली. ब्रश प्रेमलाबाईंच्या हातात होता, पण शेवटचा एकाचा आकडा त्यांनी प्रशिककडून गिरवून घेतला. जरा वाकडा आलाय. असू दे. तो एकच आहे, नऊ नाही.

मित्रांनो, मी तुमच्याकडे तेल मागत नाही, हारही मागत नाही. साहेब येणार म्हणून मला रंगवू तर अजिबात नका. लोखंड गंजतं ते पाण्यानं, पण वस्तू नाहीशी होते ती तिच्यावरचं वाचणारं कोणी उरलं नाही की. तेव्हा तुमच्या घरात, दारावर, जुन्या पेटीवर, फोटोखाली जे काही लिहिलेलं असेल ते नुसतं रोज पाहू नका. एकदा बोट ठेवून वाचा. नाही आलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि त्यांनी पोट्ट्या म्हणून हाक मारली तर रागावू नका.

आणि कधी गुढियारीकडे आलात, तर बागेत या. घसरगुंडी जपून वापरा. मग माझ्या केबिनसमोर उभे राहा, मान वर करा आणि मोठ्यानं म्हणा, म्हणजे ऑफिसापर्यंत ऐकू जाईल.

एक. शून्य. चार. एक.